मामांचं नाक

मामा, तुमच्या उत्तरकार्याच्या बॅनरवर तुमचं नाक दुरुस्त करून घेतलंय. एक बॅनर वैशाखऱ्याच्या स्टँडवर लागलाय, दुसरा आपल्या आळीच्या तोंडाशी. फोटो तुमचाच आहे, सासूबाई असतानाचा, दोघांनी शेजारी खुर्च्यांवर बसून काढलेला. त्यातून सासूबाईंना कापून टाकलं, तुमच्या डोक्यावर टोपीच्या जागी फेटा चढवला, आणि नाकाच्या डाव्या अंगाला तेव्हा नुकता दिसायला लागलेला काळा ठिपका मुरबाडच्या फोटोवाल्याकडून पुसून घेतला. थोरल्या भाऊजींनी मला तो आधी मोबाइलवर दाखवला. "बघ, कसे रुबाबदार दिसतात बाबा," म्हणाले. मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. खाली शोकाकुल म्हणून जी नावं छापलीत, त्यांतल्या निम्म्या लोकांनी गेली चार वर्षं तुमच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला नव्हता.

आज तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. सुनेनं सासऱ्याबद्दल असं लिहू नये, असं लोक म्हणतील. म्हणू देत. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं आणि हजेरी सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. पण घरात आता मी ज्याच्याशी बोलावं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते. आणि दुसऱ्यांची घाण काढण्याआधी माझी काढते. मला तुमची किळस यायची, मामा. रोज यायची. तुम्हाला ते माहीत होतं.

शेणव्याच्या माहेराहून मी या घरात आले तेव्हाही तुम्ही मला आवडला नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं. तुम्ही अंगणात कुठेही तंबाखू थुंकायचा आणि माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलायचा. सासूबाईंना हाक मारायची तर "अगो" आणि बैलाला मात्र "राजा". मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा थोरले म्हणाले, घरची बाई बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या पोरांची नाकं कशाला पुसेल. तुमचा धाकटा, माझा नवरा, नेहमीसारखा जमिनीकडे बघत राहिला. तुम्ही दोरखंड वळत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "जाऊ दे तिला. दुपारचा भात पोरांना मी वाढीन." आणि वाढलात. माझी धाकटी लेक शाळेत जाईपर्यंत वाढलात. आमटीत भात इतका कालवून द्यायचा की तिला अजूनही तसाच लागतो. त्यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्याकडे सासऱ्याचे आभार मानायची रीत नाही. पण रीत नाही हे कारण खरं नाही. मला वाटलं, वेळ आहे.

तो ठिपका आधी मसुरीएवढा होता. काळा, चकचकीत, कडेला मोत्यासारखी झाक. सगळे म्हणाले तीळ आहे, वयात येतात असे तीळ. दाढी करताना तो कापला जायचा, रक्त यायचं, खपली धरायची, खपली पडायची, पुन्हा रक्त. तुम्ही चुना लावायचा. बाजाराच्या दिवशी ज्या न्हाव्याकडे तुम्ही बसायचा त्याने एकदा वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यावरनं वस्तरा फिरवायला मला भ्या वाटतं. डॉक्टरला दाखवा." तुम्ही घरी येऊन त्याला शिव्या घातल्या आणि दाढी घरी करायला लागलात. दोन वर्षं अशीच गेली. मीही त्या दोन वर्षांत तो ठिपका रोज बघत होते, आणि रोज चहा देऊन आत जात होते.

मग म्हसा गावच्या जत्रेत तुम्ही बैल बघायला गेलात आणि झाडपाल्याचं औषध विकणाऱ्या एका माणसाला तो ठिपका दाखवलात. त्याने कसलासा हिरवा लेप लावून वर कापूस चिकटवला. तीन दिवसांत मुळासकट गळून पडेल म्हणाला. आठवड्याने कापूस काढला तेव्हा तीळ गळला होता खरा, पण त्याच्या जागी भोक पडलं होतं. कडा उचललेल्या, मधे ओलं लाल. तुम्ही म्हणालात, "आता बरा व्हईल. मूळ गेला." तो बरा झाला नाही. वर्षभरात तो नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने सरकत गेला. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून घ्यायला लागलात. वास यायला लागला होता.

मुरबाडला म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचं शिबिर आहे हे मला कामावर कळलं, आणि तुम्हाला गुडघ्यांसाठी म्हणून मी नेलं. खोटं बोलले, नाहीतर तुम्ही आला नसता. तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने टॉवेल स्वतःच्या हाताने बाजूला केला, भिंगातून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं. तोंड वेडंवाकडं केलं नाही. जखमेचा एक कण काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी रिपोर्ट घेऊन तिने मला समोर बसवलं.

"हा कातडीचा कॅन्सर आहे. बेसल सेल म्हणतात. घाबरू नका, हा अंगभर पसरत नाही सहसा. पण जिथे आहे तिथे खात बसतो. उन्हात जन्म गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना होतो. काढला की माणूस मोकळा."

"ह्या वयात?"

"ह्या वयातच होतो. जागा बधीर करून काढता येतो. उशीर केलात तर डोळा जाईल, नाक जाईल."

"शिवल्याने लागतो का?" मी विचारलं. मामा, मी तुमच्यासमोर विचारलं ते.

"नाही. यांच्या ताटात जेवलात तरी लागणार नाही."

हे मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. ओट्यावर सगळे बसले होते. थोरले भाऊजी कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही ऐकेनात. "सुरी लागली की पसरतो तो. आतापर्यंत गप आहे, तर कशाला डिवचायचा? आणि वय काय त्यांचं?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाली पसरत नाही. ते म्हणाले, "ती काल शिकून आलीय." मग हळूच म्हणाले, "रूपालीसाठी स्थळं बघतोय. घरात कॅन्सर हाय असं आळीभर झालं तर पोरीला मागणी येईल का? नाक कापलं जाईल आपलं." जाऊबाईंनी मान डोलावली. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. आणि तुम्ही म्हणालात, "नाय, नको. राहू दे. पोरीचा लगीन होऊन जाऊ दे." मला त्या क्षणी तुमचा संताप आला. तुमचं तोंड सडत होतं आणि तुम्ही त्यांना सोपं करून देत होता.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी तुमचं ताट, तांब्या आणि कप वेगळा केला. तुमचा कप धुवायच्या दगडाशी पालथा पडलेला असायचा, आत आणायचा नाही. शेजारचे लोक ओट्यावर यायचे, तुम्ही पाणी पुढे केलंत की "आत्ताच प्यालो दादा" म्हणायचे. ताटात जेवलात तरी लागत नाही, हे मी किती जणांना सांगितलं. ऐकायचे, मान हलवायचे, आणि लांबच बसायचे.

पण मी त्यांच्याहून चांगली नव्हते. सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी मी तुमची पट्टी बदलायचे, कारण दुसरं कुणी बदलत नव्हतं. नाकावर ओढणी आवळून बांधायचे, श्वास रोखायचे, गॉज ओला करून कडेपासून आत पुसायचे, परत बाहेर जाऊन श्वास घेऊन यायचे. सगळं झाल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे. तुम्ही ओट्यावरून बघत असायचा. एकदा म्हणालात, "तीनदा धुतलेस आज." मी म्हटलं, "दोनदा." तीनदाच धुतले होते. दुपारी भाताच्या वाफेत मला तोच वास यायचा आणि घास फिरायचा.

वर्षभराने रूपालीला बघायला बदलापूरहून माणसं यायची ठरली. मे महिना होता. आदल्या दिवशी सगळं घर सारवल्यासारखं पुसून काढलं, सोफ्याला नवी कव्हरं घातली. सकाळी थोरल्यांनी मला मागच्या दारी बोलावलं.

"बाबांना पेंढ्याच्या खोलीत बसव. पाहुणे जाईपर्यंत."

"गोठ्याला लागून आहे ती. गरम होतं तिथे."

"दोन तासांचा प्रश्न हाय. पंखा काय न्हेऊन ठेवतो का आता? आणि मधेच बाहेर येतील ते तंबाखूसाठी. बाहेरून कडी लाव."

"मी?"

"तुझं ऐकतात ते."

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि स्वतःच उठलात. पेंढ्यावर गोणपाट टाकून बसलात, टोपी काढून बाजूला ठेवलीत. मी पाण्याचा तांब्या आत ठेवायला हवा होता. विसरले. कडी लावली. लोखंडी कडी आहे ती, गंजलेली, जोर लावावा लागतो. मी जोर लावला.

दोन तासांचे सहा तास झाले. पाहुण्यांना घर आवडलं, मुलगी आवडली, मग जेवूनच जा असं झालं. रूपालीने विचारलं, आजोबा कुठेत, तर तिच्या आईने सांगितलं टोकावड्याला गेलेत कुणाच्या तरी बारशाला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मागून दार हलवल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मागं काय वाजतंय?" थोरले म्हणाले, "गुरं हायत." सगळे परत बोलायला लागले. मी ट्रे धरून उभी होते. एका कपात साखर कमी पडली होती, ती मी आत जाऊन आणली. मामा, मी साखर आणली.

पाच वाजता कडी काढली तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. पट्टी घामाने सुटून पेंढ्यात पडली होती आणि उघड्या जखमेवर गोठ्यातल्या माश्या बसल्या होत्या. तुम्ही त्या हाकलतही नव्हता. म्हणालात, "गेले काय पाव्हणे? पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हटलं. कडी थोरल्यांनी लावली, असंही म्हटलं.

पुढचे तीन दिवस तुम्ही पट्टीला हात लावू दिला नाहीत. "आज राहू दे," म्हणायचा. आणि मी राहू द्यायचे. मला तुमच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, आणि या वेळी कारण वास नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः हाक मारलीत. "गो वनिता, आत कायतरी वळवळतंय."

मी कापड उचललं आणि अंगणाच्या कडेला जाऊन ओकले. पांढऱ्या अळ्या होत्या, तांदळासारख्या, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. मी परत आले तेव्हा तुम्ही शांत बसला होता. "बैलाच्या खुरातनं काडतो ना, तसंच," म्हणालात. "कोनाड्यात टरपेंटाइनची बाटली हाय. कापूस भिजवून धर. वर येतील. चिमट्याने धर नि ओढ, तोडू नको." तुम्ही सांगत गेलात आणि मी काढत गेले. आठ-दहा निघाल्या, पण खाली अजून दिसत होत्या. ओढणी केव्हा सुटली मला कळलं नाही. जाऊबाई दारातून बघून आत गेल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी बघा, दवाखान्यात न्यायचंय. तो म्हणाला, "दादाला विचारू दे." लग्न झाल्यापासून त्या माणसाबरोबर राहतेय. त्या दिवशी त्याची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

मी माझ्या भावाला, गणेशला फोन केला. तो शेणव्याहून भाजीचा टेम्पो घेऊन आला, तुम्हाला पुढे बसवलं, मी मधे. सरळगाव, किन्हवली करत शहापूरला निघालो. वाटेत तुम्हाला तहान लागली. गणेशने स्वतःची बाटली दिली, तुम्ही तोंड लावून प्यालात, आणि तो ती परत घेऊन न पुसता स्वतः पाणी प्याला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी रस्त्याकडे बघत राहिले, कारण मला रडू आलं असतं तर तुम्ही काय झालं विचारलं असतं.

शहापूरला डॉक्टरांनी तासभर बसून अळ्या काढल्या आणि आम्हाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे ज्या सर्जननी तुम्हाला तपासलं ते रागावले माझ्यावर. "शिबिरातला कागद वर्षभर जुना आहे. तेव्हा आला असता तर नाकाची कड गेली असती फक्त. आता अर्धं नाक, गाल, डोळ्याखालची कातडी, सगळं काढावं लागेल. एवढे दिवस काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही." तेच खरं होतं. त्यांनी वाईट भाग काढला, कडा तपासून घेतल्या, आणि कपाळावरची कातडी खाली ओढून नवं नाक बसवलं. पट्ट्या सोडल्या तेव्हा तुम्ही नर्सकडून आरसा मागून घेतलात, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बटाट्यावाणी झालंय. पण वास येतो आता. फिनेलचा वास येतोय."

थोरले भाऊजी चौथ्या दिवशी सफरचंदं घेऊन आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, रुमाल तोंडावर. तुम्ही म्हणालात, "नाक माझंच कापलं. तुझं राहिलं ना?" आणि हसलात. तेही हसले. त्यांना सुटल्यासारखं झालं, ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. त्या हसण्यावरून मी तुमच्याशी नंतर किती वेळा भांडले. तुम्ही त्यांना असं सोडायला नको होतं, मामा. टोमणा मारायचाच होता तर लागेल असा मारायचा. तुम्ही मारायचा आणि वर फुंकर घालायचा. मी म्हणायचे, "तुम्हाला राग येत नाही का?" तुम्ही म्हणायचा, "राग धरायला ताकद लागते गो. जेवढी व्हती तेवढी बैलांच्या मागे गेली." मला हे उत्तर कधीच पटलं नाही. अजून पटत नाही. तुम्ही सगळ्यांना इतकं स्वस्तात माफ केलंत की कुणाला आपण काही केलंय हेच कळलं नाही. रूपालीच्या लग्नाला तुम्हाला हॉलवर नेलं नाही, गर्दीत जंतुसंसर्ग होईल म्हणाले. तुम्ही त्यावरही "बरोबर हाय" म्हणालात आणि आपल्या शेतातला तांदूळ अक्षतांसाठी निवडून दिलात. मी हॉलवर त्या अक्षता टाकल्या. मला टाकवत नव्हत्या.

त्या हिवाळ्यात तुम्ही म्हशाच्या जत्रेला जायचा हट्ट धरलात. मी सोबत आले. टेम्पोतून उतरल्यावर तुम्ही टॉवेल तोंडावरून काढून खांद्यावर टाकलात. मी म्हटलं, राहू द्या, धूळ आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. बैलांच्या रांगांमधून आपण चाललो आणि लोक वाट देत होते, गर्दीत कुणी कुणाला देत नाही तशी. तुमचा जुना ओळखीचा एक व्यापारी भेटला, ज्याच्याकडून तुम्ही सगळ्यात चांगली जोडी घेतली होती. तुम्ही बैलाचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि भाव करायला टॉवेल पसरून हात पुढे केलात, जसे सगळे टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. त्याने हात पुढे केला, तुमच्या तोंडाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. "दादा, तोंडानं सांगा ना," म्हणाला. तुमचा हात टॉवेलाखाली तसाच राहिला थोडा वेळ. मग म्हणालात, "हात धुतलेत रे." त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. परत येताना टेम्पोत तुम्ही तो टॉवेल दोरखंडासारखा पिळत होता. त्या दिवशी तुम्हाला राग आला होता, आणि मला त्याचा आनंद झाला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

दर सहा महिन्यांनी मी तुम्हाला मुंबईला दाखवायला न्यायचे. शेवटपर्यंत डॉक्टर म्हणाले, जागा स्वच्छ आहे. ते तुम्हाला परत झालं नाही. तुम्ही गेलात ते तापाने. पावसाच्या शेवटी छाती भरली, मुरबाडला पाच दिवस ठेवलं, घरी आणलं आणि चौथ्या दिवशी गेलात. तरी आळीत सगळे म्हणतात कॅन्सरने गेले. मी पहिल्या दोघांना समजावलं, तिसऱ्याला समजावलं नाही.

जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी तुम्हाला औषध द्यायला बसले होते. तुम्ही डोळे मिटूनच बोललात.

"त्या दिवशी बांगड्या वाजल्या व्हत्या."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"कडी लावताना. थोरल्याने लावली असती तर बांगड्या कशा वाजतील?" मग म्हणालात, "जोर लागतो त्या कडीला."

तुमच्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, दुःखही नव्हतं, नुसतं सांगितलंत. म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं. माझ्या हातून पट्ट्या बदलून घेतल्यात, माझ्या हातचं जेवलात, मुंबईला माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात, आणि माहीत होतं. तेव्हा मी तुमचे पाय धरायला हवे होते. एवढं तरी म्हणायला हवं होतं की मामा, मी आवाज ऐकला होता. मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, "औषध घ्या." तुम्ही तोंड उघडलंत.

उत्तरकार्याला चांगली तीनशे पानं उठली. तुमच्या थोरल्याने अंगणात मांडव घातला, आचारी मुरबाडहून आणले. लेकी-जावयांची आणि व्याह्यांची पंगत बसली तेव्हा मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. थोरले पंगतीच्या मधे उभे राहून रूपालीच्या सासऱ्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत बाबांना तळहातावर ठेवलं आमी. ऑपरेशनला मुंबईला नेलं. वय बघितलं नाय, काय बघितलं नाय." व्याही म्हणाले, "पुण्याचं काम. हल्ली कोण करतं एवढं." जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझा नवरा पंगतीत बसून पानाकडे बघत होता.

मी वरण वाढत होते आणि मला तोच वास आला. भाताच्या वाफेतून. तुमच्या जखमेचा नव्हता तो, मामा, ती तर बरी झाली होती.

मी म्हटलं, "तुम्ही रूपालीला बघायला आलात तेव्हा ते घरातच होते."

व्याही वर बघायला लागले. थोरले म्हणाले, "वनिता, वरण वाढ."

"मागे पेंढ्याच्या खोलीत होते. पाणीही नव्हतं आत. तुम्ही विचारलंत मागं काय वाजतंय, तेव्हा ते दार वाजवत होते. त्या दिवशीच्या माश्यांनी त्यांच्या तोंडात किडे पडले. बाहेरून कडी लावली होती." माझा आवाज मला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. "कडी मी लावली होती."

पंगत थांबली, पण घासभरच. मग कुणीतरी म्हातारं म्हणालं, "जाऊ दे गो, आता कशाला." पलीकडच्या बाजूने एकाने द्रोण पुढे केला. थोरले हसल्यासारखं करून व्याह्यांना म्हणाले, "दुःख झालंय तिला, मनाला लावून घेतलंय." आणि मला, दात आवळून, "वाढ. लोक खोळंबलेत." लोक जेवायला लागले होते. भाताचे भुरके मला ऐकू येत होते. तुमच्या नावाच्या जेवणाचे.

रूपाली सासूच्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मग तिने आईकडे बघितलं. "टोकावड्याला गेलेत म्हणालीस," ती म्हणाली. जाऊबाईंनी पदर परत डोळ्यांना लावला.

रूपाली उठली. भरल्या पानावरून उठू नये म्हणतात, उत्तरकार्याला तर नाहीच. तिच्या सासूने तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला. हाताला भात तसाच घेऊन ती पंगतीच्या मधून चालत माझ्यापर्यंत आली, माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"कुणाला वाढू नकोस, काकी," ती म्हणाली.